अक्षांश-रेखांशांचे वाचन

डोंगरात वाट चुकलेला माणूस मोबाइलवरून आपले अक्षांश-रेखांश कळवतो. पण ते आकडे नीट वाचले गेले नाहीत, तर मदत भलत्याच खोऱ्यात पोहोचते. हे आकडे येतात कोठून आणि वाचावेत कसे, ते आम्ही येथे मांडीत आहोत.

मोबाइल उपग्रहाला आपले ठिकाण विचारतो, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तो केवळ ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःचे स्थान आणि संदेश निघाल्याची वेळ अखंड कळवीत असतात. संदेश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. तीन उपग्रहांची अंतरे खरे तर पुरावीत. परंतु मोबाइलमधील घड्याळ साधे असते. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर तीनशे मीटरने चुकते. ही चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. उपग्रहांतील अणुघड्याळेदेखील सापेक्षतेच्या नियमानुसार पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, त्याचीही दुरुस्ती करावी लागते. भारताची ‘नाविक’ यंत्रणा याच तत्त्वावर उभी आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला.

आता वाचनाकडे वळू. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. अक्षांश आधी, रेखांश नंतर. क्रम उलटला, तर आपण थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात! ही चूक निदान चटकन ध्यानात तरी येते. खरा घात होतो तो दशांशचिन्हापाशी. १९.३० अंश हे १९ अंश ३० मिनिटे नव्हेत. एका अंशाची ६० मिनिटे, म्हणून ०.३० अंशाची १८ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचे, तेव्हा या बारा मिनिटांच्या फरकाने शोधपथक २२ किलोमीटर दूर जाते, आणि कागदावरचा आकडा मात्र निर्दोष दिसतो.

यास्तव सांगणाऱ्याने आकडा दशांशात आहे की अंश-मिनिटांत, हे आधी बोलावे. दशांशचिन्हापुढे दोनच अंक दिले, तर किलोमीटरभर शोधावे लागते. चार दिले, तर अकरा मीटरांच्या आसपास. दाट झाडीत वा कड्याखाली संदेश अडतो, परावर्तित होतो. शक्य तर मोकळ्या आभाळाखाली येऊन थोडे थांबावे, मग आकडा वाचावा. ऐकणाऱ्याने तो एकेक अंक उच्चारून परत म्हणून दाखवावा.