लांडगा, पण कोणता?

साऱ्या जगाचा हिशेब मांडला, तर लांडगा मुळीच संकटात नाही. अलास्कापासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या करड्या लांडग्याला ‘आययूसीएन’च्या लाल यादीत सर्वांत कमी चिंतेच्या गटात जागा आहे. सोलापूर-बारामतीच्या माळावरचा लांडगा अनेक वर्षे याच नोंदीखाली झाकला गेला.

विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनमधल्या या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो ‘कॅनिस ल्युपस पॅलिपेस’ म्हणून ओळखला जातो. अंगाने सडपातळ, केस आखूड, टोळी लहान. उष्ण हवेमुळे बारीक राहिलेला साधा लांडगा, अशीच त्याच्याबद्दल समजूत होती. २००४ मध्ये मायटोकाँड्रियल डीएनएच्या अभ्यासातून दिसले की, द्वीपकल्पातले आणि हिमालयातले लांडगे या दोन स्वतंत्र, अतिप्राचीन शाखा आहेत. २०२१ मध्ये संपूर्ण जनुकसंच तपासल्यावर आणखी एक गाठ सुटली. पश्चिम आशियातले लांडगेही पॅलिपेसच मानले जात. ते वेगळे निघाले. म्हणजे ही शाखा भारत आणि पाकिस्तान एवढ्यापुरतीच उरते. यादीत हिमालयी लांडगा २०२३ मध्ये आणि भारतीय लांडगा २०२५ मध्ये ‘असुरक्षित’ म्हणून स्वतंत्रपणे आला. भारतीय लांडग्यांची संख्या साधारण तीन हजार. देशातल्या वाघांपेक्षा कमीच!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, पण अनुसूचीने प्राणी वाचतो, माळ नव्हे. सरकारी नकाशांवर गवताळ, खुरटे रान बऱ्याचदा ‘पडीक’ ठरते. मग तिथे चर खोदा, झाडे लावा, सौर प्रकल्प आणा. माळढोकासाठी राखलेल्या नान्नजलासुद्धा गिरिपुष्पाच्या लागवडीतून सुटका मिळाली नाही. उघड्या माळावर वृक्षारोपणाचा फोटो काढून घेणाऱ्यांना चिंकारा, खोकड आणि लांडगा यांचे घर आपण मोडतो आहोत, याची कल्पना तरी असते का?

धनगराचे आणि लांडग्याचे नाते गोडीगुलाबीचे नाही. रात्री वाघरीत मेंढरे कोंडून, कुत्री राखणीला ठेवून वाडा झोपतो, तरी एखादे कोकरू जातेच. पण मेंढपाळांच्या वाटा आणि लांडग्यांचा वावर शतकानुशतके एकाच माळावर आहे. नुकसानभरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत कळप पुढच्या गावी पोचलेला असतो. फिरत्या माणसाला जागेवर थांबायला लावणारी ही पद्धत आधी बदलायला हवी.

बंदुकीपेक्षा आज मोठा धोका भटक्या कुत्र्यांचा आहे. गावाबाहेरच्या उकिरड्यांवर, कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर त्यांची संख्या फुगते. रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्यांपर्यंत पोचतात. पुण्याजवळच्या माळावर कुत्रा-लांडगा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. एवढी जुनी शाखा अशी दोन-चार पिढ्यांत पातळ होऊ शकते, आणि गणनेत मात्र आकडा कदाचित तसाच दिसेल. पॅलिपेस वाचवायचा, तर पहिला खर्च अभयारण्याच्या कुंपणावर करू नये. गावोगावच्या कुत्र्यांच्या लसीकरणावर, निर्बीजीकरणावर आणि पोल्ट्रीचा कचरा उघड्यावर पडू न देण्यावर करावा.