विश्लेषण : बाल्टिक समुद्रातील कॉड मासे खुजे का झाले?

बाल्टिक समुद्रात एकेकाळी मीटरभर लांबीचे कॉड मिळत. आता बहुतेक वीतभरच. प्राणवायूची टंचाई हे त्याचे एकमेव कारण नाही, असे जर्मनीतील गिओमार संस्थेचे २०२५चे संशोधन सांगते.

संशोधकांनी १९९६ ते २०१९ या काळातील १५२ माशांच्या कानातील खडे तपासले. या खड्यांत, झाडाच्या खोडाप्रमाणे, वाढीची वर्तुळे उमटतात. त्यांची त्याच माशांच्या जनुकांशी सांगड घातली असता वाढीशी निगडित जनुकांत बदल आढळला. जाळ्यात मोठे मासे अडकत, लहान निसटत. त्यामुळे सावकाश वाढणाऱ्यांचीच वीण टिकली.

२०१९ पासून कॉडच्या थेट मासेमारीवर बंदी आहे. मात्र झपाट्याने वाढणाऱ्या माशांची जनुकेच विरळ झाल्याने बंदीचे फळ दिसायला अनेक पिढ्या लागू शकतात.