लॉगमधल्या अनोळखी ४०४ नोंदी
जळगाव-धुळ्यातले अनेक दुकानदार आता स्वतःची वेबसाइट चालवतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये (आलेल्या प्रत्येक मागणीची आपोआप होणारी नोंद) ‘डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी, ४०४’ अशा ओळी दिसल्या, की साइट हॅक झाली असे वाटून ते घाबरतात. ही वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीची लॉगिन फाइल; साइट वर्डप्रेसवर नसेल तर भीती जास्तच. ४०४ म्हणजे एवढेच, की मागितलेली फाइल इथे नाही. मागणारे बहुधा बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) असतात. रात्री जळगावच्या गोलाणी मार्केटमधले प्रत्येक शटर कुणी ओढून पाहावे, तसे. शटर उघडले नाही, याचीच ती नोंद. काळजीची ओळ वेगळी असते: आपण कधीच न ठेवलेल्या फाइलपुढे २०० (मागणी पूर्ण झाली) दिसले, तर त्याच दिवशी तपासावे. ५०० हा मात्र सर्व्हरचा स्वतःचा बिघाड. त्याचे कारण एरर लॉगमध्ये त्याच वेळेच्या ओळीत शोधावे.