ऊन ४५ अंशांचं, मग ऑइलही जाडच हवं का?



नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी ऑइल बदलायचं छोटं दुकान टाकायचा विचार बरेच जण करतात. विचार वाईट नाही. अमरावती-यवतमाळ रस्ता इथूनच जातो, तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, जागा आणि हत्यारं थोडकीच लागतात. पण काउंटरवर बसलात की एक वाक्य रोज ऐकाल: "भाऊ, आपल्याकडं ऊन लय हाये, जाड ऑइल टाकजा."

ग्राहक काही वेडगळ बोलत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि तापलं की तेल पातळ होतं, हे तर कढईतही दिसतं. पण इंजिनाच्या आतलं गणित वेगळं आहे. ते कळलं नाही तर गाडी त्याची बिघडेल आणि नाव तुमचं जाईल.

डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर, २०डब्ल्यूची उणे १५ वर. एवढी थंडी वऱ्हाडात कोण पाहणार! म्हणून पुष्कळ मेकॅनिक म्हणतात, पहिला आकडा आपल्या कामाचा नाही. अर्धंच खरं. डिसेंबरातल्या पहाटे गाडी चालू केली की ऑइल वरपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ आतले भाग घासतात. जाड ऑइल तिथे उशीर करतं.

दुसरा आकडा १०० अंशांवर मोजतात. का? कारण चालत्या इंजिनात ऑइल त्याच्या आसपास तापतं. बाहेर डिसेंबर असो की मे, थर्मोस्टॅट कूलंटला साधारण ९० अंशांजवळ धरून ठेवतो. म्हणजे बाहेर ३० अंशांचा फरक पडला तरी आत तेवढा पडत नाही. कंपनीने ३० ग्रेड सांगितली असेल तर ती आपला उन्हाळा धरूनच सांगितलेली असते.

आजच्या छोट्या पेट्रोल इंजिनांत ऑइल जायच्या वाटा बारीक असतात. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतलं की इंजिन जड चालतं आणि ॲव्हरेज पडतो. उलट जुन्या अँबेसेडर-पद्मिनीच्या काळातल्या इंजिनात पातळ ऑइल टाकलं तर दाब उतरतो, ऑइल जळतं. जाड चांगलं की पातळ, हा प्रश्नच चुकीचा. गाडी कोणती, ते आधी विचारा.

मग उन्हाला काहीच किंमत नाही का? आहे. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. तिथे आपल्याकडे त्यातली जाड ग्रेड निवडायला हरकत नाही. समृद्धीवर ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर ते शिर्डी वाहतूक सुरू झाली. तिथे भर दुपारी तास-तास १२० च्या वेगाने गाडी पळवणाऱ्याला हा सल्ला जास्त लागू. पण तक्त्याबाहेर जायचं नाही.

आता भांडवलाकडे या. नवीन दुकानदाराला मोह होतो तो २१० लिटरच्या एकाच ड्रमचा. १५डब्ल्यू-४० आणायचं, ट्रॅक्टरलाही तेच, कारलाही तेच. लिटरमागे स्वस्त पडतं, मान्य. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल कारला धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिला कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. दुसरं टाकलं तर ती राख फिल्टरमध्ये साचत जाते, आणि तो फिल्टर स्वस्त नाही. म्हणजे ग्रेड जुळली तरी पुरत नाही, मॅन्युअलमधलं एपीआय किंवा एसीईएचं अक्षरही जुळावं लागतं. मोटारसायकलचं तर वेगळंच: बहुतेक गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं ऑइल टाकलं की तो घसरू शकतो. तिला जासो एमए लिहिलेला डबा.

म्हणून माल भरण्याआधी आठवडाभर वही घेऊन चौकात बसा. कोणत्या गाड्या किती जातात, मॉडेल आणि साल लिहा. वहीतून निघेल त्या तीन-चार ग्रेडचे सीलबंद डबे आणा. ड्रम हवाच असेल तर ट्रॅक्टरवाल्यांचा खप पाहून. क्वचित लागणारी ग्रेड अमरावतीहून मागवता येते, तिच्यात पैसा अडकवू नका.

आणि तो जाड ऑइलवाला भाऊ? त्याच्याशी वाद घालू नका. डॅशबोर्डच्या कप्प्यातून मॅन्युअल काढा, पान उघडून त्याच्याच हातात द्या. तरी हट्ट धरला, तर बिलावर ग्रेड लिहा, शेजारी "ग्राहकाच्या सांगण्यावरून" लिहा आणि त्याची सही घ्या. सही करायची वेळ आली की बरेच जण म्हणतात, "बरं, कंपनीचंच टाका मग."