तोंडाची ठेवण आणि माशाचे खाद्य

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर कोणी चुरमुरे टाकले, तरी नदीतला मासा त्यांवर विसंबून नसतो, कारण शेवाळ, किडे आणि गाळ यांतून त्याचे पोषण होत असते; काचेच्या टाकीतल्या माशाला मात्र घातले तेवढेच मिळते. म्हणून खाद्य निवडताना आधी तोंडाची ठेवण पाहावी: कटल्याप्रमाणे वर वळलेल्या तोंडाच्या गप्पीला तरंगणारे पापुद्रे, तर मृगळाप्रमाणे तळाशी चरणाऱ्या कोरिडोरासला बुडणाऱ्या गोळ्या मानवतात. कार्पच्या कुळातील गोल्डफिशला जठरच नसल्यामुळे थोडे थोडे, आणि गोळी भिजवूनच द्यावे. उरलेले खाद्य कुजून अमोनिया, म्हणजे कल्ल्यांना इजा करणारे विषारी द्रव्य, तयार होते. लाडाने टाकलेले चुरमुरे तर त्यात भरच घालतात.