शब्द ओळखीचा, अर्थ वेगळा!

मराठी माध्यमातून दहावी झालेली मुले अकरावीत इंग्रजीतले पदार्थविज्ञान वाचताना शब्दकोश उघडतात. ‘वर्क’ म्हणजे काम, ‘पॉवर’ म्हणजे ताकद, एवढे त्यात सापडते. पण गणित सुटत नाही. मग ती स्वतःला ‘ढ’ समजू लागतात. वास्तविक अडचण वेगळीच असते. रोजच्या वापरातल्या या शब्दांना विज्ञानाने स्वतःचे नेमके अर्थ दिले आहेत.

समजा, स्टेशनवरच्या हमालाने २० किलोग्रॅमची ट्रंक फलाटावरून १.५ मीटर उचलून डोक्यावर घेतली. बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे वर्क. येथे ते २० × ९.८ × १.५ = २९४ ज्यूल. त्याला २ सेकंद लागले असतील, तर दर सेकंदाचे वर्क, म्हणजेच सरासरी पॉवर, १४७ वॅट.

आता गाडी उशिरा येत आहे. ट्रंक डोक्यावर घेऊन हमाल स्तब्ध उभा आहे. या वेळात त्याने ट्रंकेवर केलेले वर्क किती? शून्य! कारण विस्थापनच नाही. मग तो दमतो का? भार पेलताना स्नायूंच्या तंतूंना सतत ऊर्जा लागते आणि तिची उष्णता होते. त्याचे कष्ट खरेच आहेत. विज्ञान त्यांना ‘वर्क’ म्हणत नाही, इतकेच.

वहीत दोन रकाने आखा: रोजचा अर्थ आणि विज्ञानातला अर्थ, एककासह. सुरुवात ‘वेट’पासून करा. वाणी ते किलोग्रॅममध्ये सांगतो, पदार्थविज्ञान न्यूटनमध्ये. असे का बरे?