सुई थांबेपर्यंत

शिवणाच्या डब्यातली सुई चुंबकावर एकाच दिशेने घासली, बुचाच्या चकतीत खोचली आणि तांब्याच्या वाटीत पाण्यावर सोडली. वाटी होती तव्याशेजारी. सुईने उत्तर सोडून तव्याकडे मान वळवली. गच्चीवर नेली, तर स्लॅबमध्ये सळ्या. शेवटी कोल्हापुरातल्या आमच्या अंगणात, पेरूखाली बसलो. खिशातल्या किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ, सगळं लांब ठेवलं. दर पाच मिनिटांनी वाकायचं, सुई डुलायची थांबली की कागदावर खूण करायची.

“काय करायलाय ओ?” शेजारच्या काकांनी विचारलं. दक्षिण ध्रुवाचं काम म्हटलं असतं तर हसले असते.

पण काम तेच होतं. जेम्स क्लार्क रॉस १८३९मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन लाकडी गलबतं घेऊन दक्षिणेला निघाला, तो मुख्यतः पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला. १८३१ साली उत्तरेकडच्या चुंबकीय ध्रुवाशी त्याने नतीची सुई ८९ अंश ५९ मिनिटं कललेली, म्हणजे जवळजवळ उभी, पाहिली होती. गलबत लाकडाचं असलं तरी नांगर आणि तोफा लोखंडाच्याच. म्हणून अख्खं गलबत गोल फिरवून प्रत्येक दिशेला होकायंत्र किती चुकतं ते टिपायचं. बेटावर उतरलं की लोखंड टाळून लाकडी खोल्या उभारायच्या आणि ठरलेल्या दिवशी सलग २४ तास सुया वाचायच्या. इतर वेधशाळाही त्याच घटकेला वाचत. घड्याळ जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनचं.

मध्येच वादळ येई. १८४२मध्ये ‘टेरर’च्या नाळेवर थिजलेल्या लाटेत एक मासा गोठलेला सापडला. अभ्यासाला म्हणून तो जपून काढला, आणि गलबतावरच्या मांजराने खाल्ला! रॉसच्या वृत्तान्तातली ही नोंद मला त्यातल्याच एरेबस ज्वालामुखीच्या वर्णनापेक्षा जास्त आवडते.

चुंबकत्व मोजण्याच्या याच लाटेत १८४१पासून मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. १८४२मध्ये तिचा कारभार पाहत होते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. म्हणजे रॉस बर्फात होता, त्याच वर्षी गगनबावड्याचा घाट उतरल्यावर पलीकडे लागणाऱ्या मुलखातला, पोंभुर्ल्याचा माणूस कुलाब्याला सुयांच्या राखणीला होता. पत्रकार म्हणून त्यांची जयंती आपण साजरी करतो. वेधशाळेचं हे काम मात्र कुणी सांगत नाही. त्याच वेधशाळेची वारसदार, भारतीय भूचुंबकत्व संस्था, आज इथे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रडार चालवते. तिचे लोक अंटार्क्टिकावरही जातात.

कुलाब्याला मात्र हार मानावी लागली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडणार हे उघड होतं. १९०४पासून नोंदींचं बस्तान अलिबागला हलवायला सुरुवात झाली.

माझ्या नऊ नोंदी झाल्या होत्या, मान आखडली होती. तेवढ्यात काकांनी स्कूटर आणून वाटीपासून हातभरावर लावली. सुई हलली. आम्हाला काही अलिबाग परवडणारं नव्हतं, दहावी नोंद खोडली आणि काकांना म्हटलं, “जरा मागं घेता का?”